आजीचं काळं मशीन आणि तुमचं तेरा-चौदा वर्षांचं मूल

मे महिना लागला की आमच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात रोज कुणीतरी विचारतं, "मुलीला शिवण शिकवायचंय, नवं मशीन कोणतं घेऊ?" आमचं उत्तर दरवर्षी तेच असतं : आधी घरात बघा. इंदूरच्या जुन्या मराठी घरांत, मग ते रामबागेतलं असो की नारायण बागेतलं, आजीचं काळं पायमशीन बरेचदा असतंच. वर चादर टाकलेली, चादरीवर इस्त्रीचे कपडे. शिकणाऱ्या मुलाला त्याच्यासारखं दुसरं मशीन नाही. ते सरळ टाका घालतं, आणि पाय थांबला की तेही थांबतं. मोटर नंतर कधीही बसवता येईल.

मशीन जाम झालं असेल तर घाबरू नका. आत वाळलेलं तेल आणि कापडाचा भुसा साठलेला असतो. स्वयंपाकघरातलं खोबरेल मात्र घालू नका. ते चिकट होऊन बसतं आणि थंडीत गोठतं. मशीनचंच तेल वापरा.

पहिला आठवडा दोऱ्याशिवाय

दोरा काढून ठेवा, जुनी सुई लावा आणि वहीचा रेघांचा कागद सुईखाली सरकवा. मुलानं रेघेवरून भोकं पाडत जायचं. आधी सरळ रेघा, मग चौकोन, मग ताट ठेवून काढलेलं वर्तुळ. कोपरा आला की सुई कागदात रुतवूनच प्रेशर फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय, उचलायचा, कागद वळवायचा, फूट खाली टाकायचा. चार-पाच दिवसांत पायडल उलटं फिरणं थांबतं. कागदानं सुई बोथट होते, म्हणून कापडाला लागताना नवी लावा. साध्या सुती कापडाला १४ नंबर, तलम कापडाला ११, जीन्सला १६ किंवा १८.

एक नियम आमच्याकडे सक्तीचा आहे. सुई ओवताना पाय पायडलवर नाही, आणि मोटर असेल तर बटण बंद. मी चौदा वर्षांचा असताना मोटर चालू ठेवूनच सुई ओवत होतो. पाय दाबला गेला आणि सुई नखातून आरपार गेली. ती वेळ तुमच्या मुलावर येऊ नये.

वरून सुरेख, खालून जाळं

दोरा लावल्यावर पहिल्याच दिवशी हे होणार : वरचा टाका छान आणि कापड उलटलं की दोऱ्याचा गुंता. सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात. चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते. प्रेशर फूट खाली असताना दोरा ओवला, तर ताण देणाऱ्या दोन चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये न बसता वरच्यावर राहतो, आणि तो ढिला दोरा शटल, म्हणजे सुईखाली फिरणारा टोकदार भाग, खाली ओढत राहतं. म्हणून फूट वर करूनच ओवायचं, आणि शिवायला लागताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची.

हे नुसतं सांगू नका, दाखवा. शटलवरची सरकपट्टी उघडून चाक हातानं हळूहळू फिरवा. सुई खाली जाते आणि वर निघताना दोऱ्याचा एक बारीक फास मागे सोडते. शटलचं टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवून आणतं, आणि दोन दोरे एकमेकांत अडकतात. हातसुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी, ते याचसाठी. अमेरिकेत एलियास हाऊ यांच्या १८४६ च्या पेटंटात ही टोकाशी नेढं असलेली सुई आणि शटल होतं. शिवणाकडे ढुंकूनही न बघणारी मुलं इथे थांबून बघतात, हे आम्ही दुकानात पुन्हापुन्हा पाहिलं आहे. आणि हो, मुलगा असला तरी शिकवा. क्लॉथ मार्केटच्या आसपास कात्री चालवणारे मास्टर बहुतेक पुरुषच तर आहेत.

पहिली वस्तू : झोला

ब्लाउजनं सुरुवात नको. टक्स, बाही, गळा, फिटिंग. त्यात मोठी माणसंही रडकुंडीला येतात. झोला करा. २०१७ साली स्वच्छतेत इंदूर देशात पहिलं आलं, आणि भाजीला जाताना झोला हातात नसला तर आता आपल्यालाच ओशाळं वाटतं. शीतलामाता बाजारातून ३६ इंच पन्ह्याचा मीटरभर मांजरपाट आणा. कापण्याआधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल. जॉर्जेट, सॅटिन सध्या नको, सुईखाली घसरतं.

१६ बाय ३६ इंचांचा तुकडा कापून मधोमध दुमडा, सुलट बाजू आत. दोन्ही कडा अर्धा इंच सोडून शिवा. तोंडाशी आधी अर्धा, मग एक इंच दुमडून टीप मारा. उरलेल्या कापडातून ४ बाय २४ इंचांच्या दोन पट्ट्या काढा, चौपदरी करून इंचभर रुंदीचे बंद शिवा. बंद जिथे जोडाल तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टीप घाला. वजन तिथेच येतं.

टीप वाकडी गेली की आईबाबांचा हात आपसूक मशीनकडे जातो. तो आवरा. तुम्ही दोन मिनिटांत सरळ करून द्याल, पण मग तो झोला तुमचा झाला. मुलाच्या हातात टाके उसवायचं हत्यार द्या, म्हणजे सीम रिपर. उसवताना टाका कसा बसला होता हे दिसतं, आणि पुढची टीप आपोआप सावकाश येते. बहुतेक मुलं पहिला झोला निदान दोनदा उसवतात. झोल्यानंतर उशीचा अभ्रा, मग नाडीचा पायजमा.

मशीन आमच्याकडे आणताना

स्टँड घरीच राहू द्या. चाकावरचा पट्टा उतरवा, मागच्या बिजागऱ्यांचे दोन स्क्रू सैल करा आणि वरचं मशीन तेवढं आणा. जड असतं, दोघांनी उचला. बॉबिन आणि बॉबिन केस विसरू नका. आणि बिघडलेल्या टिपेचा कापडाचा तुकडा, दोरा न तोडता, तसाच सोबत आणा. तो बघून अर्धा बिघाड आम्हाला मशीन उघडण्याआधीच कळतो. मुलालाही घेऊन या. दुरुस्ती त्याच्यासमोर करू.