ऑफर लेटर आलं, पण जन्मदाखला कुठं आहे?

दर जून-जुलैत बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं ऑफर लेटर मोबाईलमध्ये घेऊन येतात. इंग्लंडची युनिव्हर्सिटी 'ये' म्हणालेली असते आणि काम अडलेलं असतं घरातल्याच एखाद्या कागदावर. कोर्स, फी, आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा, हे सगळं मुलं स्वतःच शोधतात. त्या परीक्षेच्या निकालाची मुदत 2 वर्षं असते, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

सगळ्यात जास्त घोळ पैसे दाखवताना होतो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि जास्तीत जास्त 9 महिन्यांचा राहण्याचा खर्च दाखवायचा असतो. ही रक्कम खात्यात सलग 28 दिवस असली पाहिजे. मध्ये एका दिवसासाठी जरी शिल्लक त्याखाली गेली, तरी मोजणी पुन्हा एकपासून. शिवाय या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधी 31 दिवसांच्या आतला हवा. एप्रिलचं स्टेटमेंट घेऊन जुलैत अर्ज करणारे दरवर्षी भेटतात.

खातं विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांचं लागतं. काका, मामा, थोरला भाऊ यांचं चालत नाही. "आमचं एकत्र कुटुंब आहे, पैसे काकांकडंच असतात," हे आपल्याला पटतं, व्हिसा अधिकाऱ्याच्या नियमात ते बसत नाही. काकांना द्यायचेच असतील तर आधी वडिलांच्या खात्यात येऊ देत, 28 दिवस तिथून मोजा. आणि सोसायटीतली ठेव! आपल्याकडं निम्म्या घरांची पुंजी गल्लीतल्या क्रेडिट सोसायटीत असते, पण सोसायटी म्हणजे रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक नव्हे. तिच्या पासबुकावर व्हिसा मागायला जाऊ नका. मुदत मोडून पैसे बँकेत आणायला चेअरमनच्या सहीपासून सगळं धरून वेळ जातो, तो आधीच हिशेबात धरा.

आई-वडिलांचे पैसे दाखवले की नातं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी त्यांचं संमतीपत्र आणि तुमचा जन्मदाखला. इथं खरी रडकथा सुरू होते. पासपोर्टला दहावीचं मार्क्सकार्ड किंवा शाळेचा दाखला जन्मतारखेसाठी चालून गेलेला असतो, त्यामुळं जन्मदाखल्याची आठवणच कुणाला नसते. मग महापालिकेत धावाधाव, आणि उत्तर मिळतं, 'नोंद नाही.' नसणारच. आईचं माहेर गडहिंग्लजचं, पहिलं बाळंतपण तिकडं. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, तुम्ही राहता तिथं नाही. म्हणून आधी आईला विचारा, मग रांगेत उभे राहा.

दाखला मिळाला तरी तो नीट वाचा. बाळाच्या नावाची जागा मोकळी असते, कारण बारशाआधीच नोंद झालेली आणि पुढं नाव घालायला कुणी गेलंच नाही. ते आता घालून घ्या. नियमातली 15 वर्षांची मुदत उलटली असेल तर निबंधकाकडं लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. खिडकीवर तोंडी 'होत नाही' सांगून वाटेला लावतात, लेखी नकार द्यायची वेळ आली की तोच माणूस फाईल बघतो. मुळात नोंदच नसेल तर वर्षानंतरच्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हे आठवड्याचं काम नव्हे. दाखला फक्त कन्नड किंवा मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

नावाचं दुखणं तसंच. मार्क्सकार्डावर आडनाव आधी आणि वडिलांचं एकच अक्षर, पासपोर्टवर पूर्ण तीन नावं, आधारवर भलतंच स्पेलिंग. युनिव्हर्सिटीचा अर्ज पासपोर्टबरहुकूम भरा. बेळगाव आणि बेळगावी या दोन नावांची काळजी करू नका. 1 नोव्हेंबर 2014 ला नाव बदललं, जुने कागद जुन्या नावानंच राहणार.

शैक्षणिक कर्ज घेतलं तर 28 दिवसांची कटकट टळते. पत्र मात्र 6 महिन्यांपेक्षा जुनं नको आणि कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर हवं. मोठ्या रकमेला बँक तारण मागते. शेताचा उतारा बहुतेक वेळा परत येतो. घर ग्रामपंचायत हद्दीत असेल तर फॉर्म 9 आणि 11, म्हणजे पंचायतीचे घराचे उतारे, लागतात. ते काढताना कळतं की घर अजून आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा जाऊन 12 वर्षं झाली. मग वारसा, मग दोन आत्यांच्या सह्या. आत्यांशी बोलणं असेल तर ठीक. नाहीतर ऑफर लेटरची वाट न बघता हे काम आधीच्या दिवाळीला सुरू करा.

शिष्यवृत्तीबद्दल एकच. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांचा दाखला महाराष्ट्रातल्या कॉलेज प्रवेशाला उपयोगी पडतो, म्हणून महाराष्ट्राच्या परदेशी शिष्यवृत्तीलाही चालेल असं धरू नका. त्या योजनेतली रहिवासाची अट शब्दन्‌शब्द वाचा. कर्नाटकचा जातीचा दाखलाही महाराष्ट्रात तसाच चालत नाही. अनुसूचित जातींसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, तिथं सीमेचा प्रश्न येत नाही. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत लागतं.

जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांनी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, आधी काढा, त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढं सरकत नाही. आणि पत्ता बेळगावचा असेल तर अर्ज बेंगळुरूच्या वाणिज्य दूतावासाकडं जातो. मुंबईची गाडी सोयीची म्हणून तिथली अपॉइंटमेंट घेतलेले दोघे मागच्या वर्षी दारातूनच परत आले.