नवव्या दिवशी पुन्हा फणी

मे महिन्यात आमच्या परभणीकडच्या घरी रात्री माळवदावर एका ओळीत वाकळा पडतात. दिराची, नणंदेची, आमची मिळून सात-आठ लेकरं डोक्याला डोकं लावून उशिरापर्यंत कुजबुजत असतात. जूनमध्ये शाळा भरली की डोक्यातल्या उवांचे फोन सुरू होतात. गेल्या वर्षी धाकटी जाऊ अगदी रडकुंडीला आली होती. "ताई, औषध लावलं, अंथरुणं उन्हात टाकली, पोरीला दोनदा न्हाऊ घातलं. पंधरा दिवसांत पुन्हा तेच!"

तिनं कष्टात कसूर केली नव्हती. लिखेचा हिशोब मात्र तिला कुणी सांगितला नव्हता.

ऊ तिळाएवढी, 2 ते 3 मिलिमीटर लांब. तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. सहा पायांच्या आकड्यांनी केस धरून ती चालते. मादी रोज 8 पर्यंत अंडी घालते आणि डोक्यावर महिनाभर जगते. हे अंडं म्हणजेच लीख. टाळूची ऊब मिळावी म्हणून ती केसाच्या मुळाशी चिकटवलेली असते, आणि तो चिकटा वाळला की पाण्यानं किंवा शाम्पूनं सुटत नाही. नखांच्या चिमटीत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत आणावी लागते.

नेहमी मिळणारं परमेथ्रिनचं 1 टक्क्याचं औषध उवेच्या मज्जातंतूंवर काम करतं. नुकत्याच घातलेल्या लिखेत पहिले काही दिवस मज्जातंतू तयारच झालेले नसतात, त्यामुळे औषध लावून धुतलं तरी काही लिखा जिवंत राहतात. त्या 7 ते 10 दिवसांत फुटतात. बाहेर आलेलं पिल्लू तीनदा कात टाकतं आणि आणखी 9 ते 12 दिवसांनी अंडी घालण्याजोगं होतं. म्हणजे जवळजवळ सगळ्या लिखा फुटल्यात, पण एकाही पिल्लानं अजून अंडं घातलेलं नाही, असे मोजके दिवस मिळतात. दुसऱ्यांदा औषध लावायचं ते याच दिवसांत, साधारण नवव्या दिवशी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घाईनं पुन्हा लावलं तर न फुटलेल्या लिखा तशाच राहतात. माझ्या मते डोकं पुन्हा भरण्याचं सगळ्यात मोठं कारण हा चुकलेला दिवसच आहे.

औषध नको असेल तर नुसत्या फणीनंही काम होतं, पण नेम पाळावा लागतो. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचं, मग ऊ पळत नाही. मुळापासून टोकापर्यंत बट-बट विंचरायची आणि प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. पहिला, पाचवा, नववा, तेरावा दिवस, आणि खात्रीसाठी सतरावा. फणीवरचा हा भरवसा फार जुना आहे. इस्राएलमध्ये लाखीश इथं 2016 साली सुमारे 3,700 वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडली. एका बाजूला जाड दाते, दुसऱ्या बाजूला बारीक. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघोत, अशी ओळ तिच्यावर कोरलेली आहे.

फडक्यावर काय पडलं ते नीट बघा. औषधानंतर आठवड्याभरानं बारीक, फिकट पिल्लंच दिसली तर ती राहिलेल्या लिखांतून आलीत. मोठ्या, पूर्ण वाढलेल्या दिसल्या तर एक तर औषधाला त्या दाद देत नाहीत, नाही तर दुसऱ्या डोक्यावरून नव्यानं आल्यात. पहिल्याच दिवशी, औषध लावून 8-12 तास झाले तरी उवा पहिल्यासारख्याच चपळ असतील, तर तेच औषध पुन्हापुन्हा चोपडू नका, डॉक्टरांना विचारून दुसरं घ्या. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणून टाळूपासून त्याहून लांब दिसणारी लीख बहुधा रिकामं टरफल असते. तेवढ्यासाठी पोरीची वेणी कापू नका.

आता अंथरुणांचं. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आपण पाहिलाय. टँकरचं पाणी घरभराच्या वाकळा धुण्यात घालवायची काहीच गरज नाही. डोक्यावरून पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते. टाळूची ऊब नसली तर लीखही फुटत नाही. गेल्या दोन दिवसांत वापरलेल्या उशीच्या खोळी, टॉवेल, ओढण्या कढत पाण्यात धुवा. फणी-कंगवे 5-10 मिनिटं कढत पाण्यात ठेवा. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बाजूला ठेवा. शेळी, कुत्रं, कोंबडी यांच्यापासून माणसाच्या डोक्यात उवा येत नाहीत.

येतात त्या डोक्याला डोकं लागून. म्हणून घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघायची, आजीचं आणि बापाचंसुद्धा. ज्यांच्यात जिवंत ऊ सापडेल त्या सगळ्यांना त्याच दिवशी औषध. पहिल्यांदाच उवा झाल्या तर खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात, त्यामुळे न खाजवणारं डोकं स्वच्छच असेल असं नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. कपाशीच्या फवारणीचं औषध किंवा रॉकेल लेकराच्या डोक्याला लावू नका. फवारणीचं विष कातडीतून अंगात भिनतं आणि त्यानं जीव जाऊ शकतो. रॉकेलनं टाळू भाजते आणि चुलीजवळ केस पेटतात.

जावेनं या वेळी कॅलेंडरवर पाच तारखांना गोल केले. तेराव्या दिवशी फडकं कोरं निघालं. सतराव्या दिवशी त्यावर दोन उवा पडल्या, दोन्ही मोठ्या. ती जरा वेळ बघत बसली. मग पोरीला विचारलं, "बाकावर शेजारी कोण बसतं गं?" त्याच संध्याकाळी फणी आणि पांढरं फडकं पिशवीत घालून ती त्या मैत्रिणीच्या आईकडे गेली.