मतदान घेऊन वेगळं खान्देश राज्य होतं का?

परवा अमळनेरला टपरीवर एक काका बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “वेगळा खान्देश हवा ना? मतदान घ्या, स्कॉटलंडसारखं. बहुमत आलं की झालं राज्य!” ही समजूत आपल्याकडे कित्येक वर्षं फिरतेय, आणि ती चुकीची आहे.

स्कॉटलंडचा प्रश्न ब्रिटनमधून बाहेर पडून स्वतंत्र देश होण्याचा होता. तिथे १९९९ पासून स्वतःची संसद आहे. शाळा, दवाखाने तीच बघते. तरी २०१४ चं सार्वमत लंडनच्या संमतीनंच झालं, आणि ५५ टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. तिथली संसद असं सार्वमत स्वतःहून घेऊ शकत नाही, हे ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं.

आपल्या घटनेच्या कलम ३ मध्ये सार्वमत नाहीच. नवं राज्य संसद साध्या बहुमतानं करते. विधानसभेचं मत मागवावं लागतं, मानावं लागत नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विधेयक नाकारलं, तरी २ जूनला तेलंगण झालंच. शिवाय असं राज्य भारतातच राहतं. म्हणून ही मागणी करणाऱ्याला कुणी फुटीर म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

आपली खरी बोच कलम ३७१(२) मध्ये आहे. विकास मंडळांसाठी तिथे तीनच भाग: विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’. जळगाव, धुळे, नंदुरबार या ‘उर्वरित’मध्ये, म्हणजे सातपुड्यातलं धडगाव आणि पुणे एकाच रांगेत.