उत्तर बरोबर, पण वेळेत?

इंदुरातल्या मराठी घरांतली बरीच मुलं हल्ली पीथमपूरला नोकरीला जातात. ‘काय करतोस रे तिकडे?’ विचारलं तर ‘एम्बेडेड’ एवढंच सांगतात, आणि आजीचं काही समाधान होत नाही.

एम्बेडेड म्हणजे यंत्राच्या पोटातच बसवलेला संगणक. गाडीत असे अनेक छोटे संगणक असतात, त्यांना ना स्क्रीन ना कीबोर्ड. चाकं जाम होऊ न देणारे अँटीलॉक ब्रेक सांभाळणारा त्यातलाच एक. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा अंडाकृती ट्रॅक आहे. तिथे ताशी १०० किलोमीटरने पळणारी गाडी १० मिलिसेकंदांत २८ सेंटीमीटर पुढे जाते. ब्रेक आवळायचा की सोडायचा, हे तेवढ्यातच ठरायला हवं.

लाख वेळा चालवून पाहिलं, चुकलं नाही, म्हणून निर्धास्त होता येत नाही. हवी ती माहिती कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, झटपट मेमरीत, नसली की तोच कोड रेंगाळतो, आणि तो प्रसंग चाचणीत येईलच असं नाही. म्हणून तपासणीची काही सॉफ्टवेअर साधनं प्रोग्राम न चालवताच, प्रोसेसरचं गणिती मॉडेल वापरून, जास्तीत जास्त किती वेळ लागेल ते काढतात.

मग कामांचं वेळापत्रक. समजा, चाकांचा वेग दर ५ मिलिसेकंदांनी वाचायचा आणि त्याला १ मिलिसेकंद लागतो: प्रोसेसरचा २० टक्के वेळ गेला. ब्रेकचा दाब दर १० ला, लागतात ३: आणखी ३० टक्के. स्वतःची तपासणी दर ५० ला, लागतात १०: अजून २०. बेरीज ७०. ज्या कामाची पाळी जास्त वेळा येते त्याला आधी मान दिला, तर तीन कामांच्या बाबतीत सुमारे ७८ टक्क्यांपर्यंत एकही मुदत चुकत नाही, हे लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ साली सिद्ध केलं. बेरीज त्यावर गेली तर वेळापत्रक तपासणारं साधन एकेका कामाची सगळ्यात वाईट वेळ मांडून बघतं.

पण या सिद्धतेत कामं एकमेकांत अडकत नाहीत असं धरलंय. नासाचं मार्स पाथफाइंडर यान तिथेच फसलं. ते ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि पुढे त्याचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाचं खालच्या दर्जाचं काम सामायिक माहितीचं कुलूप (एका वेळी एकाच कामाला आत सोडणारं) धरून बसे, मधल्या दर्जाचं काम त्याला बाजूला सारी, आणि त्याच कुलपासाठी वरच्या दर्जाचं काम ताटकळत राही; त्याची मुदत चुकली की संगणक रीसेट होई. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी तशाच दुसऱ्या यंत्रावर, कोणतं काम कधी चाललं याची नोंद ठेवत, तो घोळ पुन्हा घडवून आणला. मला तरी सगळ्या साधनांत ही नोंदवहीच मोलाची वाटते. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वरचा दर्जा देण्याची सोय व्हीएक्सवर्क्स या यानावरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासून होती, फक्त बंद ठेवलेली. ती पृथ्वीवरून चालू केली, आणि रीसेट थांबले.