शाळेतला राडा आणि वेशीवरचं दुकान

दहावी-बारावीच्या पोरांची एसटी स्टँडवर मारामारी होते, त्यातल्या एखाद्याच्या तोंडाला वास येतो आणि 'पोरं बिघडली' म्हणून विषय मिटतो. सातारा-सांगली भागात ही गोष्ट त्या पोरांच्या जन्माआधीपासून सुरू आहे.

मुंबई दारूबंदी कायदा 1949चा. त्याच वर्षी साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला, 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. बंदीच्या काळात हातभट्ट्या फोफावल्या. पुढे सरकारनेच पकड सैल केली आणि 1973च्या नियमांनी देशी दारूची विक्री परवान्याच्या चौकटीत आली. तोवर कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले होते. साखरेनंतर उरते मळी, मळीतून मद्यार्क, त्यातून देशी दारू. ज्या उसाने गावात हायस्कुलं आणली, त्याच उसाची ही दुसरी बाजू आहे आणि ती बोलायला आपण कचरतो.

कायदा पोरांच्या बाबतीत कडक आहे. 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तरीही राडा झाला की चौकशी होते पोराची. बाटली कुणी दिली, हे क्वचितच विचारलं जातं.

दारूने मेंदूतला आवर सुटतो आणि तो आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, हे खरं. पण बापाने पिऊन आईला मारलेलं पाहणारं पोर हात उगारणं आधी शिकतं, पिणं नंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या शालेय आरोग्य सर्वेक्षणात 2003 पासून मारामारी आणि मद्यपान दोन्ही एकाच प्रश्नावलीत विचारतात. दोन्ही एकाच मुलात आढळली, तरी आधी काय आलं हे त्यातून ठरत नाही. म्हणून सगळा दोष बाटलीवर टाकणंही मला पटत नाही.

घरातली मारहाण ज्यांनी सोसली, त्या बायांना दारू आणि मारहाणीचं नातं केव्हाच कळलं होतं. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला, म्हणजे दारूबंदीच्या चिन्हाला, मत दिलं की गावातलं दुकान बंद होतं, हा अधिकार त्यांनी झगडून मिळवला. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं.

शिक्षणहक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीनंतर मात्र राडा केलेल्या पोराच्या हातात दाखला देण्याची वाट मोकळी होते, आणि मग दिवसभर त्याला थांबायला स्टँड आणि शेजारची बिअर शॉपीच उरते.