कुलगुरूंचं निवेदन : परिसरजीवन आणि समाजसहभाग

विद्यापीठाचा प्रमुख (कुठे कुलगुरू, कुठे रेक्टर, कुठे प्रेसिडेंट) विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी, माजी विद्यार्थी आणि आजूबाजूच्या वस्तीतले लोक यांच्यापुढे ठराविक काळाने जो आढावा मांडतो त्याची ही नोंद. या आढाव्यात आजकाल दोन भाग हमखास असतात. एक कॅम्पसवरच्या जगण्याचा, म्हणजे वसतिगृहं, आरोग्य, सुरक्षितता, खेळ, विद्यार्थी मंडळं वगैरे, आणि दुसरा विद्यापीठाचा बाहेरच्या समाजाशी संबंध कसा चाललाय त्याचा. हे दोन्ही भाग एकाच पत्रात शेजारीशेजारी येत असले तरी त्यांची मुळं वेगवेगळी आहेत. दुसऱ्या भागाचा उगम नेमका कुठला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, म्हणून इथे त्यालाच जास्त जागा दिली आहे.

निवेदनाची पद्धत

प्रमुखाने वर्षाचा हिशेब मांडायचा ही रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्यापीठांत रेक्टर बहुतेक ठिकाणी एका वर्षापुरताच असायचा, पद सोडताना तो सरलेल्या वर्षाचा अहवाल भर सभेत वाचायचा, कोण वारलं, कोण नवीन आलं, किती विद्यार्थी दाखल झाले, आणि मग नवा रेक्टर आपल्या विषयावर भाषण करायचा. केंब्रिजमध्ये कुलगुरूंचं वार्षिक भाषण १ ऑक्टोबरला, नव्या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला होतं. हार्वर्डच्या प्रेसिडेंटचे छापील वार्षिक अहवाल १८२० च्या दशकापासून मिळतात, आणि चार्ल्स एलियटने (कार्यकाळ १८६९ ते १९०९) ते नुसते जमाखर्चापुरते न ठेवता विद्यार्थ्यांना विषय निवडायची मोकळीक का हवी हे पटवून द्यायला वापरले, त्यामुळे ते हार्वर्डच्या बाहेरही वाचले गेले. प्रमुखाचं निवेदन ही धोरण मांडायची जागा आहे ही समजूत पक्की व्हायला एलियटचा हातभार मोठा होता असं मानायला हरकत नाही. मात्र या जुन्या अहवालांत आजूबाजूचं गाव फारसं दिसत नाही.

गाव आणि विद्यापीठ

गाव दिसत नाही याचा अर्थ संबंध नव्हता असा नाही, संबंध होता पण तो बऱ्याचदा भांडणाचा होता. पॅरिसमध्ये १२२९ साली सणाच्या दिवसांत दारूच्या बिलावरून सुरू झालेली मारामारी इतकी चिघळली की विद्यार्थी मारले गेले, अध्यापकांनी शिकवणं बंद केलं, अनेकजण शहर सोडून गेले, आणि शेवटी १२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी याला विद्यापीठाला संरक्षण देणारं फर्मान काढावं लागलं. ऑक्सफर्डची १० फेब्रुवारी १३५५ ची दंगल याहून प्रसिद्ध, तिथेही सुरुवात गुत्त्यातल्या वाइनच्या दर्जावरूनच. विद्यापीठाकडचे ६३ आणि गावाकडचे सुमारे ३० जण मेले असं परंपरेने सांगतात, पण हे आकडे जपूनच घ्यावेत, कारण पुढे शिक्षा म्हणून ठरलेली रक्कम आणि मृतांची संख्या ही दोन्ही एकच आहेत. राजाने विद्यापीठाची बाजू घेतली, बाजारातल्या वजनमापांवर आणि पाव-दारूवर देखरेख करायचे अधिकार विद्यापीठाला दिले, आणि महापौराने शहरवासीयांना घेऊन दरवर्षी चर्चमध्ये जाऊन ६३ पेन्स भरायचे असं प्रायश्चित्त लागलं, ते १८२५ पर्यंत चालू होतं. समेट अधिकृतपणे झाला तो १९५५ मध्ये, तेव्हा विद्यापीठाने महापौरांना मानद पदवी दिली आणि शहराने कुलगुरूंना मानद नागरिकत्व दिलं.

समाजसहभागाचा उगम : मतभेद

भांडण मिटवणं वेगळं आणि ज्ञान घेऊन बाहेर जाणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीची सुरुवात कुठे धरायची यावर निदान चार मतं आहेत.

पहिलं मत ग्लासगोचं. जॉन अँडरसन या प्राध्यापकाने आपल्या मृत्युपत्रात उपयुक्त शिक्षण देणाऱ्या संस्थेसाठी तरतूद केली, ती संस्था १७९६ मध्ये उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत तिथे जॉर्ज बर्कबेकने कारागिरांना विज्ञान शिकवायला घेतलं. दुसरं मत ऑक्सफर्डचं, विल्यम स्यूएलने १८५० मध्ये मोठ्या शहरांत विद्यापीठाचे अध्यापक पाठवावेत असं सुचवलं होतं म्हणून. तिसरं अमेरिकेचं, शेती आणि यंत्रविद्येच्या कॉलेजांसाठी राज्यांना जमीन देणारा १८६२ चा मॉरिल कायदा धरणारं. चौथं आणि सगळ्यांत रूढ मत केंब्रिजचं, म्हणजे १८७३, त्या साली केंब्रिजने बाहेरगावी शिकवायचं काम अधिकृतपणे हाती घेतलं म्हणून.

यांपैकी अँडरसनची संस्था त्या वेळी विद्यापीठ नव्हती, उलट विद्यापीठावरच्या नाराजीतून निघालेली होती. स्यूएलची सूचना कागदावरच राहिली. मॉरिल कायद्याने नवी कॉलेजं उभी राहिली हे खरं, पण कॉलेजाबाहेरच्या माणसापर्यंत जाण्याची यंत्रणा त्यात नव्हती, ती पुढे आली. त्यामुळे १८७३ ला झुकतं माप द्यावं लागतं, फक्त तिच्या आधीची सहा वर्षं सोडून चालत नाही.

जेम्स स्टुअर्ट हा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा तरुण फेलो. १८६७ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या मंडळींनी त्याला लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर, शेफील्ड इथे व्याख्यानांना बोलावलं. अध्यापनशास्त्रावर बोला म्हणाले, तर त्याने खगोलशास्त्र निवडलं. तरुण पुरुषाने स्त्रियांना समोरासमोर प्रश्न विचारणं तेव्हा बरं दिसत नसे, म्हणून त्याने प्रश्न छापून वाटले आणि उत्तरं लेखी मागवली, आणि यातूनच व्याख्यानानंतर लेखी काम तपासून द्यायची पद्धत पडली. त्याच सुमाराची रॉचडेलची गोष्ट त्याने आपल्या आठवणींत सांगितली आहे. तिथल्या सहकारी चळवळीतल्या कामगारांपुढे व्याख्यान झाल्यावर त्याला निघायची घाई होती, म्हणून आकृत्यांचे तक्ते पुढच्या आठवड्यापर्यंत भिंतीवर तसेच राहू द्या असं त्याने हॉल सांभाळणाऱ्याला सांगितलं. पुढच्या वेळी आला तेव्हा कळलं की मधल्या दिवसांत लोकांनी ते तक्ते बघून आपसांत चर्चा केली आहे आणि त्यांना बरंच काही विचारायचं आहे, त्यासाठी ते व्याख्यानाआधीच येऊन बसणार आहेत. तेव्हापासून चर्चेचा तास हा व्याख्यानाचा भागच झाला.

१८७३ मध्ये केंब्रिजने हे काम अधिकृतपणे हाती घेतलं आणि नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर इथे पहिले अभ्यासक्रम झाले. लंडनमध्ये १८७६ ला, ऑक्सफर्डमध्ये १८७८ ला तेच सुरू झालं, आणि नॉटिंगहॅममध्ये तर यातूनच १८८१ मध्ये स्वतंत्र कॉलेज उभं राहिलं. प्रशासकीय तारीख १८७३ च, पण समाजसहभाग म्हणजे समोरच्याने प्रश्न ठरवणं असं धरलं तर रॉचडेलचा तो हॉल जास्त महत्त्वाचा ठरतो, आणि ही नोंद त्याच बाजूची आहे.

पुढचा प्रवास

१८८४ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात टॉयन्बी हॉल सुरू झाला, तिथे विद्यापीठातले तरुण गरीब वस्तीत राहायलाच गेले. अमेरिकेत मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला काँग्रेसमधल्या दर सदस्यामागे ३०,००० एकर जमीन दिली, ती विकून शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं चालवायची होती. यातली बरीच जमीन मूळ रहिवासी जमातींकडून काढून घेतलेली होती, आणि ही गोष्ट समाजसहभागाच्या इतिहासात ठळकपणे लिहायलाच हवी. १८८७ च्या हॅच कायद्याने शेती संशोधन केंद्रं आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाणारी विस्तार यंत्रणा आली. विस्कॉन्सिनचे प्रेसिडेंट चार्ल्स व्हॅन हाइज यांनी १९०५ च्या सुमारास विद्यापीठाचा लाभ राज्यातल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत पोचेपर्यंत आपलं समाधान होणार नाही अशी भूमिका घेतली, आणि प्रमुखाच्या तोंडून आलेली समाजसहभागाची ही बहुधा सगळ्यांत जास्त वेळा सांगितली गेलेली भूमिका आहे.

लॅटिन अमेरिकेतली वाट वेगळी. अर्जेंटिनातल्या कोर्दोबा इथे १९१८ मध्ये विद्यार्थ्यांनीच आंदोलन केलं, कारभारात वाटा मागितला, आणि त्या चळवळीतून अध्यापन, संशोधन आणि विस्तार (म्हणजे ज्ञान घेऊन समाजात जाणं) ही तीन कामं तिकडच्या विद्यापीठांत रुजली. इथे मागणी खालून आली, प्रमुखाच्या पत्रातून नाही. भारतात राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये विस्तार हे तिसरं अंग म्हणून मान्य केलं.

१९९० च्या दशकात अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी समाजासोबत केलेलं काम हे विद्वत्तेचंच काम आहे असं मांडलं, २००५ मध्ये फ्रान्समधल्या तालवार इथे वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठप्रमुखांनी नागरी जबाबदारीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि २००६ पासून अमेरिकेतल्या कार्नेगी फाउंडेशनने समाजसहभागासाठी वेगळं वर्गीकरण दिलं, त्यासाठी विद्यापीठाला स्वतःहून अर्ज करून पुरावे द्यावे लागतात. प्रमुखांच्या निवेदनात हा भाग नेमाने यायला लागला त्यामागे हे अर्ज आणि पुरावे यांचा वाटा मोठा दिसतो.

परिसरजीवनाचा भाग

इथे मुख्य प्रश्न विद्यापीठ विद्यार्थ्याचं कोण लागतं हा. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बेरिया कॉलेजने विद्यार्थ्यांना बाहेरच्या हॉटेलात जायला मनाई केली, हॉटेलवाला कोर्टात गेला, आणि कोर्टाने कॉलेज पालकाच्या जागी आहे म्हणून मनाई योग्य ठरवली. १९६१ मध्ये, अलाबामातल्या सरकारी कॉलेजने वर्णभेदाविरुद्ध उपाहारगृहात धरणं धरलेल्या विद्यार्थ्यांना म्हणणं न ऐकताच काढून टाकलं होतं, त्या खटल्यात कोर्टाने आधी सूचना आणि सुनावणी द्यायलाच हवी असं सांगितलं. त्यानंतर नियम लादणं कमी आणि माहिती देणं जास्त असा कल वाढला. १९९० च्या कायद्याने तिथल्या कॉलेजांना कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करणं बंधनकारक झालं, त्यामुळे सुरक्षितता हा विषय प्रमुखाच्या मर्जीवर राहिला नाही. आरोग्य, राहणं, खाणं यांबाबत मात्र काय सांगायचं हे अजून बरंचसं त्या त्या कार्यालयावर आहे.

मूल्यमापन

निवेदनाचा कस कशावर लावायचा यावर दोन दृष्टी आहेत. एक मोजणीची, किती शिबिरं, किती तास, किती स्वयंसेवक. दुसरी परतीची, म्हणजे वस्तीतल्या लोकांनी काय मागितलं, त्यातलं काय झालं, काय नाकारलं आणि का. मोजणी सोपी आहे आणि पैसे देणाऱ्यांना तीच लागते, म्हणून ती टिकून आहे. पण एखाद्या वस्तीत शंभर शिबिरं होऊनही तिथल्या माणसांना विद्यापीठाच्या फाटकातून आत यायला संकोच वाटत असेल तर तो आकडा काहीच सांगत नाही. नवं वसतिगृह बांधताना शेजारची भाडी वाढली का, मैदान आणि ग्रंथालय बाहेरच्यांना खुलं आहे का, सफाई आणि सुरक्षा कर्मचारी, जे बहुतेकदा त्याच वस्त्यांमधून येतात, त्यांच्या वेतनाबद्दल पत्रात एक तरी ओळ आहे का, हे तपासलं की परिसरजीवन आणि समाजसहभाग हे दोन भाग मुळात किती गुंतलेले आहेत ते कळतं. निवेदन आता बहुधा ईमेल, व्हिडिओ किंवा खुल्या सभेतून येतं, आणि त्यांत खुली सभाच अशी आहे जिथे ऐकणारा तिथल्या तिथे उलट प्रश्न विचारू शकतो.