मोकळ्या व्यापारी जागेवर गाळे काढायचेत? परवानगी नेमकी कुठे अडते

मंगल कार्यालयाच्या कडेला किंवा बंद पडलेल्या ऑइल मिलच्या आवारात पाच-सात गुंठे पडून असतात. रस्त्याला लागून जागा, वाणिज्य बिनशेती झालेली. सहा गाळे काढून भाड्याने द्यावेत, असं मालकाच्या मनात येतं. विचार चुकीचा नाही. पण बहुतेक जण सगळ्यात आधी गाळ्यांचा नकाशा काढून घेतात आणि जागेचे कागद नंतर गोळा करायला लागतात. अर्ज परत येतात ते इथूनच.

पुढची माहिती नगरपालिका-नगरपरिषदेच्या हद्दीतल्या जागेबद्दल आहे. तिथे डिसेंबर 2020 पासून राज्याची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर चालते. मुंबई महापालिका आणि एमआयडीसीचे नियम वेगळे. गावठाणाबाहेरच्या जागेला ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच पडतं.

कोणाकडेच नसलेला कागद

प्लॉटवर आधीची इमारत असेल तर छाननीत तिचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण झाल्यावर वापरासाठी मिळणारा दाखला) मागतात. कारण एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण), सामासिक अंतरं (इमारतीभोवती हद्दीपर्यंत मोकळी सोडायची जागा), पार्किंग हे सगळं अख्ख्या प्लॉटचं मोजलं जातं, तुमच्या मोकळ्या तुकड्याचं नाही. वडिलांनी बांधलेल्या मंगल कार्यालयाचा नकाशा घरात सापडत नाही, मग लोक घरपट्टीची पावती आणि लाइट बिल जोडतात. त्याचा उपयोग नाही. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते.

नगररचना विभागाकडे प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. "परवानगीचं साल सांगा" असं उत्तर मिळेल. ते आठवत नसेल तर कर विभागात इमारतीची पहिली आकारणी कधीची आहे ते बघा आणि त्याच्या मागच्या दोन-चार वर्षांतलं रेकॉर्ड शोधायला सांगा. तरीही टोलवाटोलवी झाली तर 10 रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "अभिलेख आढळून येत नाही" एवढंच उत्तर आलं तरी ते लेखी घ्या. स्वतःच्या कपाटातली फाइल हरवायची आणि तिचा जाब अर्जदाराला विचारायचा, ही पद्धत काही जाणार नाही. निदान लेखी पत्र असलं की तुमचा आर्किटेक्ट नियमितीकरणाचा, म्हणजे जुनं बांधकाम नियमित करून घेण्याचा रस्ता धरू शकतो.

नकाशा सापडला की दुसरा धक्का बसतो. घडीवर विरलेली ती जुनी प्रिंट उलगडली की गाळ्यांसाठी ठरवलेल्या कोपऱ्यातच ओळीने चौकोन आखलेले दिसतात: पार्किंग. म्हणजे डोळ्यांना मोकळी दिसणारी जागा कागदावर कधीच वापरलेली असते. ते पार्किंग दुसरीकडे दाखवावं लागतं, शिवाय नव्या गाळ्यांचं वेगळं. एका चारचाकीला अडीच बाय पाच मीटर धरतात. आर्किटेक्टकडे जाण्याआधी जागेवर टेप धरून पाहिलात तर पुष्कळ गोष्टी तिथेच कळतील. जागा मोठ्या लेआउटमधली असेल तर आणखी एक पाहा. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडलेली असते. सातबारा तुमच्या नावावर असला तरी तिच्यावर गाळे होत नाहीत.

क्षेत्रफळ तीन ठिकाणी तीन

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड एक आकडा सांगतं, मोजणी दुसरा, प्रत्यक्ष ताबा तिसरा. हिशेबात धरतात तो तिन्हींतला सगळ्यात कमी. वर विकास आराखड्यातल्या रस्तारुंदीत जाणारी पट्टी वजा होते. रस्ता रुंद होण्याआधीची मोजणीची "क" प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, चालवून पाहू नका, ताजी मोजणी मागवा. या सगळ्यात मोजणीलाच सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज भूमी अभिलेखकडे करायचा.

उताऱ्यावर भोगवटादार वर्ग-2 (हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मग बाकी सगळं. आणि बहिणींची नावं असतील तर त्यांच्या सह्या लागतातच. "ती काही बोलणार नाही हो" हे छाननीत चालत नाही. जागा महामार्गाला किंवा राज्यमार्गाला लागून असेल तर रस्त्याच्या खात्याचं पत्र लागतं, आणि इमारत रेषा (जिच्या पुढे रस्त्याकडे बांधकाम करता येत नाही ती) रस्त्याच्या मध्यापासून मोजतात, तुमच्या कुंपणापासून नाही.

झोन दाखला, ऑनलाइन अर्ज, विकास शुल्क, बांधकाम खर्चाच्या 1 टक्का कामगार उपकर: हे आर्किटेक्ट करून देतो.

दोन मुदती, दोन्ही चुकीच्या वाचल्या जातात

60 दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं मानतात, हे अर्धंच खरं. मध्ये त्रुटी निघाली तर दिवस तुमच्या पूर्ततेच्या तारखेपासून पुन्हा मोजतात. एकेक त्रुटी सुटी सुटी काढण्याचं इंगित यातच आहे. आणि नकाशा नियमात बसत नसेल तर 60 काय, 600 दिवस झाले तरी मानीव परवानगी मिळत नाही. तिच्या भरवशावर खड्डे खणू नका.

दुसरी मुदत प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे बांधकाम सुरू करायच्या परवानगीची. ती एक वर्षाची असते, चार वर्षांची नव्हे. पुढची तीन वर्षं दरवर्षी अर्ज करून मुदतवाढ घ्यायची, तीही मुदत संपण्याआधी. नुसतं खोदकाम मोजत नाहीत; मुदतीत जोत्यापर्यंत काम आलं नाही तर नव्याने परवानगी.

गाळे भाड्याने न देता विकायचे असतील तर रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा बघा. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा गाळे आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीतून सूट आहे, पण आठ हे सगळे टप्पे मिळून. आज सहा आणि पुढच्या वर्षी मागे चार असा बेत असेल तर ते दहाच धरले जातात. अशा वेळी नोंदणीआधी बुकिंगचा फ्लेक्ससुद्धा लावू नका.